जपून!

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघरी कोणता शब्द सर्वांत जास्त ऐकू येत असेल? आमच्या घरापुरते विचाराल तर 'जपून'. करंज्या जपून तळा, भुईनळा जपून लाव, आणि डब्याचा तळ दिसू लागला की चकल्या जरा जपून खा! पहिल्यात हाताची नजाकत आहे, दुसऱ्यात धास्ती, तिसऱ्यात निव्वळ काटकसर.

व्याकरणात पाहाल तर 'जपणे'ला 'ऊन' प्रत्यय लागून झालेले हे धातुसाधित, 'करून', 'बसून' यांचे भावंड. वाक्यात काम करते ते क्रियाविशेषणाचे. देवाचे नाव जपायचे तेही याच क्रियापदाने, आणि तान्ह्याला जपायचे तेही याच. 'सांभाळून' हा त्याचा शेजारी खरा, पण अदलाबदल करून पाहा. 'जपून बोल' हा सल्ला झाला. 'तोंड सांभाळून बोल' म्हटले की भांडण जुंपलेच. आमटीत तिखट 'बेताने' घालतात. 'जपून घाल' म्हटले तर तिखट महागले की काय, असे वाटायचे!

पण खरी मेख 'राहा' या शेपटात आहे, आणि ती मला भोवली. धाकटी बहीण सासरी गेली तेव्हा मोठ्या भावाच्या तोऱ्यात मी तिला कार्ड टाकले : 'सासूबाईंना जपून राहा.' त्यांची प्रकृती तोळामासा, त्यांना फुलासारखे जप, एवढेच माझ्या मनात. पण 'त्या कुत्र्याला जपून राहा' असेही आपण म्हणतोच की! नुसते 'जप' लिहिले असते तर निभावले असते. पोस्टकार्ड ते, पडले नेमके सासूबाईंच्याच हाती. त्या बोलल्या काहीच नाहीत. मात्र तोवर बहिणीला त्या 'बाळ' म्हणत, त्या दिवसापासून 'सूनबाई' म्हणू लागल्या.

भाऊबीजेला गेलो. त्यांनी स्वतः फराळाचे ताट पुढे केले आणि शांतपणे म्हणाल्या, "घ्या. पण जपून हो, माझ्या हातचे आहे."

मी घाईघाईने 'जप' आणि 'जपून राहा' यांतला फरक समजावू लागलो. बहीण दाराआडून खुणावत होती : दादा, गप्प बैस!