उपवासाला दोष देण्याआधी ताटाकडे बघा



वैशाखात आपल्या पैठणचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मंदिराच्या पायरीवर एकच वाक्य ऐकू येतं, "उपवास सोसत नाहीत गं आता, छातीत जळजळतं." मला हे पटत नाही. दोष उपवासाला देतो आणि ताट मोकळं सुटतं.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा, असं डॉक्टर सांगतात. आपल्याला तर ते धर्मानेच दिलंय. मग जळजळ का?

मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सगळ्यांना वाढून, कट्टा आवरून घरातली बाई पावणेसातला बसते. दहा मिनिटांत आमरस-पुरी, भजी आणि वर रात्रभराची बेगमी म्हणून तांब्याभर पाणी! आठला कूलरसमोर आडवी. मीही वर्षानुवर्षं हेच केलं आणि मध्यरात्री घशाशी आंबट आलं की उठून बसत राहिले. पोट गच्च भरलं की अन्ननलिकेच्या तळाच्या झडपेवर ताण येतो, तळलेलं पोटात रेंगाळतं, आडवं झाल्यावर आम्ल सहज वर चढतं. यात चौविहाराचा काय दोष?

सहा बाह्य तपांत अनशन पहिलं आणि ऊनोदरी दुसरं. पहिल्याचं आपण कौतुक करतो, दुसऱ्याचं नावही काढत नाही. भुकेपेक्षा चार घास कमी खाणं हेही तपच आहे, आणि त्याची मिरवणूक निघत नाही म्हणूनच ते अवघड आहे. अक्षय्य तृतीयेला आदिनाथ भगवंतांचं पारणं हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने उसाच्या रसाने घडवलं. आपल्या पारण्याला मात्र तळण हवंच!

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. सहा वाजता घरातले सगळे एका पंगतीत बसा. बाईने शेवटी बसून भराभर गिळणं हा संस्कार नाही. पाणी दुपारपासून थोडं थोडं प्या. संध्याकाळी मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी असं साधं असू द्या. आमरस दुपारी, वाटीभरच. उपाशीपोटी चहा नको. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून अर्धा फूट उचला आणि डाव्या कुशीवर झोपा.

आणखी एक. पित्ताच्या गोळ्या महिनोन्महिने मनाने घेऊ नका. गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, शौच काळं होत असेल, तर डॉक्टर गाठा. छातीत दडपण, घाम, जबडा किंवा हात दुखणं याला "पित्तच असेल" म्हणत सकाळची वाट पाहू नका. नियम घेतानाच औषधाची सूट ठेवा. देह टिकला तरच साधना होते.

या उन्हाळ्यात उपवास मोजाल तेव्हा न घेतलेली चौथी पुरीही मोजा.