निळा पडदा खरं बोलतो

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. माझा कॉम्प्युटर "फारच हळू" आहे असं ठरवून त्याने एका दुपारी बायॉसमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग वाढवला, रॅमचाही वाढवला. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलं होतं, याने ३६०० केलं. कॉम्प्युटर सुरू झाला. "बघा आजोबा, जमलं!"

त्या आठवड्यात मी घरातले जुने फोटो स्कॅन करत होतो. तिसऱ्या दिवशी निळा पडदा आला आणि कॉम्प्युटर बंद पडला. चौथ्या दिवशी दोनदा. नातू म्हणाला, व्होल्टेज थोडं वाढवतो. मी म्हटलं, थांब बाळा. व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर त्याच वेगाला उष्णता साधारण २१ टक्के वाढते, कारण तिथे हिशोब वर्गाचा आहे. (हे त्यानेच मला मागे सांगितलं होतं!) रोग कळायच्या आधी औषध कशाला?

चाळीस वर्षं मुलांची गणितं तपासली. उत्तर चुकलं की मुलं दोन-तीन पायऱ्या एकदम खोडतात आणि मग चूक कुठे होती ते कधीच कळत नाही. इथेही तेच. म्हणून आधी सगळं मूळ वेगावर आणलं. चार दिवस काही बिघडलं नाही. म्हणजे विंडोज बिचारं निर्दोष. मग फक्त प्रोसेसरचा वेग वाढवून रात्रभर प्राइम९५ चालवलं. मूळ संख्या शोधण्याच्या १९९६ सालच्या प्रकल्पातला हा प्रोग्राम. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी गणितं तो प्रोसेसरकडून करून घेतो. प्रोसेसर पास झाला. मग प्रोसेसर मूळ वेगावर आणि फक्त रॅम ३६०० वर ठेवून पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावली. वीस मिनिटांत लाल ओळी! ३२०० वर मात्र चार फेऱ्या स्वच्छ. शेवटी दोन्ही एकत्र तपासलं, कारण सुटी सुटी चांगली वागणारी मुलं एका बाकावर बसली की काय होतं ते मला माहीत आहे.

इथवर गंमत होती. मग स्कॅन केलेले फोटो उघडून पाहिले. बासष्टपैकी तीन खराब. त्यांतला एक आईचा, विहिरीजवळचा. वरचा भाग नीट, गळ्याखाली नुसता करडा रंग. सेव्ह होताना एकही तक्रार आली नव्हती.

माझं म्हणणं एवढंच. निळ्या पडद्याला आपण उगाच शिव्या देतो. "सर, मला हे येत नाही" म्हणून पेपर कोरा देणारं ते प्रामाणिक पोर आहे. भीती वाटावी ती चुकीचं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून मोकळं होणाऱ्याची. बिघडलेली रॅम तशी असते. म्हणून "सुरू झाला म्हणजे जमलं" हे मला मान्य नाही. मेमटेस्टमध्ये एक चूक निघाली तरी नापास. तिथे ३५ टक्क्यांना पास करत नाहीत.

वेग वाढवू नका असं मी म्हणत नाही. पोरांनी खटपट करावी, त्यातूनच शिकतात. पण ज्या यंत्रावर कुणाची एकुलती एक गोष्ट आहे, त्यावर प्रयोग करण्याआधी तिची प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि ती उघडून पाहावी.

नातू दोन दिवस गप्प होता. जाताना स्वतःच रॅम ३२०० वर ठेवून गेला, आणि कोणता आकडा कधी बदलला ते वहीत तारखेनिशी लिहून गेला. मला ते वेगापेक्षा जास्त आवडलं.

असो. अक्का, हे वाचत असशील तर आईचा तो फोटो अल्बममधून काढून ठेव. रविवारी पुन्हा न्यायला येतोय.