थडग्यांस धनी कोण ?

रत्नागिरीस जाणारा प्रवासी थिबा राजाचा वाडा पाहिल्याशिवाय परतत नाहीं. परंतु तो राजा जेथें मातीआड झाला ती जागा पाहून येणारे थोडे. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ च्या मे महिन्यापर्यंत रत्नागिरीचाच भाग होता, म्हणून त्या जागेविषयीं लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. वाचकांनीं आपल्या गांवच्या जुन्या दफनभूमीकडे एकदां निरखून पाहावें, एवढ्याचसाठीं हा खटाटोप.

१८८५ सालीं इंग्रजांनीं मंडाले घेतलें व ब्रह्मदेशाच्या ह्या शेवटच्या राजास पुढील वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. १९१० मध्यें त्यास नवा वाडा मिळाला, आणि १९१६ च्या डिसेंबरांत तो वारला. राणी सुपयालत हिचा आग्रह असा कीं, राजाचा देह मायदेशींच नेला पाहिजे. सरकार त्यास कबूल होईना. त्यामुळें दोन वर्षांहून अधिक काळ राजास कायमची मूठमाती मिळाली नाहीं. शेवटीं १९१९ च्या मार्चांत ख्रिस्ती दफनभूमीलगतच्या, भिंतीनें वेढलेल्या एका लहानशा जागेंत त्यास व १९१२ त निवर्तलेल्या त्याच्या दुसऱ्या राणीस पुरण्यांत आलें. त्याच वर्षीं सुपयालत मुलींसह ब्रह्मदेशीं परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हां रत्नागिरीस आली व १९४७ त तेथेंच गरिबींत वारली. बौद्ध राजा, ख्रिस्ती शेजार, हिंदु-मुसलमान गांव. थडग्यावर फूल ठेवणारें जवळचें माणूस जवळजवळ उरलेंच नाहीं.

दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर १८६२ सालीं रंगूनला वारला, तेव्हां त्याच दिवशीं त्यास पुरून वर हिरवळ अशी पसरण्यांत आली कीं जागा ओळखूं येऊं नये. खरी कबर सांपडली ती १९९१ सालीं, खोदकाम चालूं असतां. एकाची जागा सरकारनें मुद्दाम पुसली. दुसऱ्याची कोणी पुसली नाहीं, ती नुसती विसरली जाऊं लागली. २०१२ च्या डिसेंबरांत म्यानमार म्हणजे आपला जुना ब्रह्मदेश, तेथील तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस थडग्यापाशीं आले. २०१६ त मृत्यूच्या शताब्दीस वंशजही आले. राजाच्या पाठीमागें एक राष्ट्र आहे, म्हणून ही वास्तपूस झाली. ज्यांच्या मागें कोणी नाहीं त्यांचें काय ?

मालवण व वेंगुर्लें हीं बंदरें १८१२ सालीं कंपनी सरकारकडे आलीं. बेळगांवच्या छावणीचीं माणसें व माल वेंगुर्ल्यास उतरे. ‘कॅम्प’ हें नांव तेथें अजून आहे. १८८८ च्या सुमारास मुरगांवहून घाटावर आगगाडी गेली आणि वेंगुर्ल्याची रया गेली. साहेब गेले, त्यांचे मयत ह्याच मातींत राहिले. अशा दफनभूमींची देखभाल १९४७ पर्यंत सरकारी खर्चानें होई. पुढें ती जबाबदारी ब्रिटिश हायकमिशनरकडे गेली. वापरांतल्या जागा मंडळ्यांकडे सोंपविल्या, बंद पडलेल्या बहुतेक काळाच्या हवालीं झाल्या. लढाईंत पडलेल्यांसाठीं १९१७ पासून निराळें कमिशन आहे. तापानें मेलेल्या कारकुनासाठीं किंवा बाळंतपणांत गेलेल्या बाईसाठीं नाहीं.

आमच्या किनाऱ्यावर नाश कसा होतो हें येथील माणसास सांगावयास नको. चार महिने पाऊस झोडपतो, सांध्यांतला चुना धुऊन जातो, त्यांत पिंपळाचें रोप धरतें व मुळी चिरा ढकलते. पण पाऊस व पिंपळ हे आमच्या मतें दुय्यम अपराधी. खरा घात गडगा पडतो त्या दिवशीं सुरू होतो. गडगा पडला कीं गुरें शिरतात. गुरांमागून पायवाट होते, पायवाटेची गाडीवाट. चिरे कोणाच्या जोत्यांत जातात, आणि एखाद्या मे महिन्यांत शेजाऱ्याचें कुंपण दोन हात पुढें सरकतें. तलाठ्याकडे जाऊन विचारणारा वारसच नसतो.

एफ्रोन हित्ती अब्राहामास मकपेल्याची गुहा फुकट देऊं करीत होता. तरी त्यानें चारशें शेकेल रुपें तोलून, वेशींतल्या लोकांदेखत ती विकत घेतली. परक्या मुलुखांत सारेस पुरतांना त्यास साक्षीदार हवे होते. आमच्या कित्येक मंडळ्या मात्र कोणा जुन्या साहेबाच्या तोंडी शब्दावर निर्धास्त बसतात ! १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमान्वयें दफन-दहनासाठीं सरकारी जमीन राखून ठेवतां येते. पण ती राखलेली जागा कागदोपत्रीं व नकाशांत दिसली पाहिजे, मोजणीचे दगड जाग्यावर असले पाहिजेत. म्हणून संगमरवर व रंगरंगोटीसाठीं वर्गणी गोळा करणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. आधीं सातबाऱ्याचा उतारा, मग मोजणी, मग गडगा. थडग्याची पाळी सर्वांत शेवटीं.

कोणी म्हणतील, जिवंतांस घराला जागा मिळेना, तेथें परकी राज्यकर्त्यांच्या हाडांसाठीं गुंठे कशाला अडवावे ? प्रश्न खोटा नाहीं. बंद पडलेल्या जागेचा उपयोग गांवानें, नांवें उतरून घेऊन व उघड ठराव करून बदलला, तर आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती चोरपावलांनीं होणाऱ्या बदलास. तसा गिळलेला गुंठा गांवाच्याही कामीं येत नाहीं. तो एकाच घराच्या अंगणांत जातो.

ईस्टरच्या पहांटे मंडळी दफनभूमींत जमते, त्याआधीं आठवडाभर तेथें कोयता व खोरें चालतें. त्याच आठवड्यांत वरच्या वर्गांतील मुलांनीं वही-पेन्सिल घेऊन जुन्या थडग्यांकडे जावें. पुसट अक्षर सकाळच्या तिरप्या उन्हांत वाचतां येतें. त्यास खिळा किंवा खडू लावूं नये. नांव, साल, वय, दगडाचा प्रकार व शेजारीं कोणतें थडगें आहे एवढें उतरावें. जें वाचतां येत नाहीं तें अंदाजानें भरूं नये. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयांत, एक मंडळीच्या दप्तरांत ठेवावी, आणि एक नगरपरिषदेंत पोंच घेऊन द्यावी.