हौसेला मोल असते!

‘हौसेला मोल नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. ब्रिटनमध्ये मात्र एका हौसेचा लिलाव खुद्द सरकारच पुकारते आणि आलेला पैसा तिजोरीत जमा करते. ही हौस आहे मोटारीच्या नंबराची. २०१४ साली ‘२५ ओ’ हा नंबर सरकारी लिलावात निघाला. शून्य आणि ओ दिसायला सारखेच, म्हणून तो ‘२५०’ असा वाचता येतो, आणि फेरारी कंपनीच्या एका जुन्या, दुर्मिळ मोटारीचे नावही २५० वरूनच आहे. कर व शुल्क धरून त्याचे पाच लाख पौंडांहून अधिक मोल झाले. मोटारीचे नव्हे, केवळ नंबराचे!

हे ऐकून हसू येते. पण या पाट्यांचा इतिहास पाहिला की हसू थोडे कमी होते. ब्रिटनमध्ये १९०३ साली मोटारीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक मोटारीला नंबर सक्तीचा झाला. तेव्हा मोटार श्रीमंतांच्याच दारात असे. धूळ उडवीत कोणी पळून गेला, कोणाला धडक दिली, तर रस्त्यावरच्या सामान्य माणसाला त्याची ओळख सांगता यावी, हा नंबराचा उपयोग. म्हणजे नंबर ही श्रीमंतांना घातलेली वेसण होती. लोकसंख्येच्या क्रमाने लंडनला ‘ए’, लँकेशायरला ‘बी’ अशी अक्षरे वाटली गेली. आणि गंमत अशी, की ‘ए १’ मिळावा म्हणून अर्ल रसेल रात्रभर कचेरीपुढे थांबले होते, असे सांगतात. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले बंधू. वेसण घालायला सुरुवात होते न होते तोच तिचा दागिना झाला!

पुढे अक्षरे अपुरी पडू लागली. म्हणून १९६३ पासून नंबराच्या शेवटी वर्षाचे अक्षर आले. १९८३ मध्ये ते पुढे गेले आणि सप्टेंबर २००१ पासून त्याच्या जागी दोन आकडे आले. मार्च २०२४ पासून नोंदलेल्या मोटारीवर ‘२४’, त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासूनच्या मोटारीवर ‘७४’. सोय चांगली, जुनी मोटार घेणाऱ्याला तिचे वय कळते. परंतु ते शेजाऱ्यालाही कळते, पाहुण्यालाही कळते. पूर्वी वर्षाचे अक्षर ऑगस्टमध्ये बदलत असे. नवे अक्षर मिरवण्यासाठी त्या एका महिन्यात नव्या मोटारींची इतकी झुंबड उडे, की अखेर १९९९ पासून हा बदल वर्षातून दोनदा करावा लागला.

आपल्याकडे नसलेल्या मोटारीच्या वयाची लाज मला कशी कळावी, असे कोणी विचारील. आमच्या घरी वाहन म्हणजे वडिलांची सायकल. पण गेल्या वर्षी पुस्तकपेढीतून मिळालेल्या पुस्तकांवरचा जुन्या सालाचा शिक्का दिसू नये म्हणून मी त्यांना घट्ट खाकी कव्हरे घातली होती. पुस्तकातला मजकूर तोच होता. शिक्का मात्र बोचत होता. तेव्हा वर्षाचे अक्षर लपवू पाहणाऱ्या माणसाला हसण्याचा अधिकार मला नाही.

माझा आक्षेप सरकारवर आहे. १९८९ पासून तेथील सरकार स्वतः पसंतीचे नंबर विकू लागले. नियम असा, की मोटार आहे त्याहून नवी भासेल असा नंबर लावता येत नाही. जुनी भासेल असा किंवा वर्षच न सांगणारा नंबर मात्र खुशाल लावावा. म्हणजे वय जाहीर करणारी पाटी सरकारने सक्तीने लावायची आणि ते वय झाकायचे तर पैसे सरकारलाच मोजायचे. आधी खपली काढायची आणि मग मलम विकायचे, असा हा प्रकार.

याला उत्तर आहे आणि ते दुबळे नाही. नंबर घ्या अशी सक्ती कोणावर नाही. श्रीमंतांनी हसत हसत भरलेला हा एक करच आहे. २००८ मध्ये एसेक्स परगण्याच्या कौन्सिलने आपल्याजवळचा ‘एफ १’ विकला, तेव्हा करासह सुमारे ४ लाख ४० हजार पौंड आले. सार्वजनिक संस्थेला पत्र्याच्या पट्टीवरून एवढे धन मिळत असेल तर कोणाचे काय बिघडले? हे मला मान्य आहे. शिवाय ‘एफ १’ तर कोणाच्याही ध्यानात राहील. पळून जाणाऱ्याची ती गैरसोयच!

म्हणून विक्री थांबवा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे दोनच. पहिले, वर्षाची नोंद कागदपत्रांत असावी, पाटीवर नको. दुसरे, नंबर विकावा, त्याची वाचनीयता विकू नये. अक्षरांतील अंतर बदलून नाव साधणाऱ्याला तेथे एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, हे योग्यच आहे. आपल्याकडेही पसंतीच्या नंबराला शुल्क आहे. पण ‘४१४१’ असा वळवून लिहितात की त्याचे ‘दादा’ होते. धडक बसलेल्या म्हाताऱ्याने पोलिसांना काय सांगावे? दादा आले आणि गेले?

ब्रिटनच्या राजाच्या समारंभाच्या मोटारीला नंबरच नसतो. बाकी साऱ्यांना असतो, कारण बाकी सारे जाब द्यायला बांधील आहेत. पाच लाखांची पाटी लावणाऱ्यालाही रस्त्यावरच्या पादचाऱ्याने ओळखलेच पाहिजे. ती पाटी त्याच्या पैशाची असेल. पण ती वाचण्याचा हक्क मात्र पायी चालणाऱ्याचा आहे.