विश्लेषण : घाटंजीत घरातच ऑफिस थाटायचे? टेबल-खुर्चीआधी छत आणि वीज पाहा

कमी खर्चात 'वर्क फ्रॉम होम'ची खोली कशी सजवायची, याचे सल्ले मोबाइलवर भरपूर मिळतात. पण ते पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी असतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात खर्चाचा क्रम उलटा लावावा लागतो. तो का आणि कसा?

२५ मार्च २०२० रोजी देशभर लॉकडाऊन लागला आणि पुणे, हैदराबादला नोकरी करणारी अनेक मुले-मुली लॅपटॉप घेऊन गावी परतली. ५ नोव्हेंबर २०२० रोजी दूरसंचार विभागाने कॉल सेंटर, बीपीओसारख्या सेवांचे नियम सैल केले आणि घरून काम करण्याचा मार्ग कायमचा मोकळा झाला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा ऑफिसात बोलावले. ज्यांना घरून कामाची मुभा उरली आहे, त्यांच्यासाठी घाटंजीत राहणे म्हणजे शहरातले भाडे वाचणे, आई-वडिलांजवळ असणे आणि वावराकडे लक्ष ठेवणे. पण ही मुभा टिकते ती कॉल न तुटण्यावर. म्हणून खोलीचा प्रश्न सजावटीचा नाही, नोकरीचा आहे.

रिकामी खोली खरेच रिकामी असते का?

दिवाळीच्या आसपास वेचणीचा कापूस घरी येऊ लागतो आणि पाहुण्यांची खोली कापसाची होते. सीसीआय पूर्ण हमीभाव देते तो ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर खरेदीच होत नाही. त्यामुळे कापूस वाळेपर्यंत आणि भाव चढेपर्यंत तो घरातच राहतो, कधी कधी होळीपर्यंत.

कापूस आणि ऑफिस एका खोलीत नांदू शकत नाहीत. घरात साठवलेल्या कापसामुळे अंगाला खाज सुटते, हा अनुभव विदर्भातल्या घरोघरी आहे. त्याहून मोठा धोका आगीचा. तापलेला चार्जर, सैल सॉकेट आणि शेजारी कापसाचा ढीग, हा जुगार कोणी खेळू नये. खर्चाची यादी करण्याआधी घरात एकदा बसून ठरवावे : कापूस कुठे राहील आणि ही खोली बाराही महिने कामाची राहील का? उत्तर 'नाही' असेल, तर लहान का होईना, दुसरी खोली निवडावी. निवडायला वाव असेल तर पूर्वेची किंवा उत्तरेची घ्यावी. पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन खाते.

पहिला खर्च छतावर का?

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्याचा पारा ४४-४५ अंशांच्या आसपास जातो. स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि संध्याकाळी ती खोलीत सोडतो. इथेच घरून काम करणाऱ्याची खरी अडचण होते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा घाटंजीत संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. अमेरिकी ग्राहकाचा कॉल आणि खोली सर्वांत तापलेली असण्याची वेळ एकच!

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छताला पांढरा रंग. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, त्यामुळे स्लॅब कमी तापतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र 'कूल रूफ' धोरणच आणले. घरगुती पातळीवर चुन्याचे दोन हात पुरतात. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल मिसळतात. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर मार्चअखेर पुन्हा लावायचा. टिनाच्या छतालाही पांढऱ्या रंगाचा फायदा होतो. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून हिरवी नेट लावली की आणखी फरक पडतो. पडदा आतून लावल्यास उष्णता आधीच खोलीत शिरलेली असते.

कूलर की एसी?

एक टनाचा एसी भर उन्हाळ्यात तासाला साधारण एक युनिट वीज खातो. रोज आठ तास, महिन्याचे २५ दिवस धरले तर २०० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो आणि ३०० च्या पुढे आणखी. म्हणजे एसीचे युनिट फक्त वाढत नाहीत, महागही होतात. १७० वॉटच्या कूलरला त्याच वेळात ३४ युनिट लागतात.

विदर्भाची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून इथे कूलर चांगले काम करतो. मात्र त्याला समोरची खिडकी थोडी उघडी लागते. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. त्याला दिवसभर पाणीही लागते, त्यामुळे नळाचे पाणी किती दिवसांआड येते याचा हिशेब आधी करावा. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये.

लाईन गेली तर?

घाटंजीत हा प्रश्न 'जर'चा नाही, 'जेव्हा'चा आहे. मेच्या वादळात आणि पावसाळ्यात लाईन जाणारच.

अनेक घरांत १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी असते. कागदावर ती १,८०० वॉट-तासांची. नुकसान वजा जाता हाती सुमारे १,१०० धरावे. लॅपटॉप ५० वॉट, राउटर १२, एलईडी दिवा १० आणि जुना पंखा ७५, असे १४७ वॉट झाले, तर बॅटरी साडेसात तास चालते. तोच पंखा ३० वॉटचा बीएलडीसी घेतला, तर साडेदहा तास. म्हणजे अडीच-तीन हजारांच्या पंख्याने तीन तासांचा बॅकअप वाढतो.

इन्व्हर्टर नसेल, तर निदान राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. राउटर मात्र लाईन जाताच बंद पडतो आणि कॉल तिथेच तुटतो. अर्थिंगही तपासून घ्यावे. चार्जिंग सुरू असताना लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवावे. वीज कडाडू लागली की प्लग भिंतीतून काढलेला बरा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. 'पीएम सूर्यघर' योजनेत छतावरच्या एक किलोवॉट सौर संचाला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. बिल कमी करायला ती योजना चांगली आहे. पण बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला साधा संच लाईन गेली की स्वतःही बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये, यासाठी ती रचना मुद्दाम केलेली असते. त्यामुळे सोलर बसवले म्हणजे बॅकअप मिळाला, असे समजू नये.

इंटरनेट घेताना काय विचारावे?

'किती एमबीपीएस?' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा : 'गावातली लाईन गेली तर तुमचे नेट चालते का?' जीपीओएन पद्धतीच्या फायबरमध्ये मुख्य केंद्र आणि घर यांच्यामधल्या डब्याला वीज लागत नाही. काही ठिकाणी मात्र खांबावरच्या डब्यात विजेवर चालणारा स्विच असतो. तो बंद पडला की घरातल्या यूपीएसचा काहीच उपयोग होत नाही.

व्हिडीओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात, पण ते अपलोडलाही मिळायला हवेत. वेग सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला असा आठवडाभर मोजावा. मोबाइलचे सिम फायबरपेक्षा वेगळ्या कंपनीचे ठेवावे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता कमी होते.

मग टेबल-खुर्चीचे काय?

खुर्चीवर खर्च करावा, टेबलावर नाही. पाठीला आधार देणारी, उंची कमी-जास्त होणारी जुनी ऑफिस खुर्ची यवतमाळ-नागपूरकडे निम्म्या किमतीत मिळू शकते. टेबलाला घरातला जुना सागवानी दरवाजा आणि वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला लोखंडी स्टँड पुरतो. लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि वेगळा कीबोर्ड-माउस घ्यावा. दिवा समोरून यावा, पाठीमागून नको.

एकूण खर्च किती?

बाजारातल्या साधारण किमती धरल्या तर :

- छताला चुना : १,००० ते १,५०० रुपये
- बीएलडीसी पंखा : २,५०० ते ३,०००
- राउटरचा यूपीएस : १,२०० ते १,५००
- अर्थिंग आणि वेगळा पॉइंट : २,००० ते ३,०००
- जुनी खुर्ची : २,५०० ते ३,५००
- कीबोर्ड-माउस : ८०० ते १,०००
- टेबलाचा स्टँड : १,५०० ते २,०००
- दिवा : ३०० ते ५००

म्हणजे १२ ते १६ हजारांत खोली कामाची होते. कूलर घरात नसेल तर सात ते नऊ हजार आणि इन्व्हर्टर-बॅटरी नसेल तर १८ ते २२ हजार वेगळे. पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील, तर वरच्या यादीच्याच क्रमाने जावे.

पैशांनी न सुटणारा प्रश्न कोणता?

दाराचा. लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलाला 'साहेब कामात आहेत' म्हणून चहा आत जातो. सुनेला मात्र 'घरीच तर आहेस' म्हणत मीटिंगमधून उठवले जाते. हॉलच्या कोपऱ्यात बसलेल्या बाईचे काम घराला काम वाटत नाही. म्हणून घरून नोकरी करणारी बाई असेल, तर स्वतंत्र खोली आणि आतून लागणारी कडी यांना चैन समजू नये. दार लावलेले असताना हाक मारायची नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनी स्वतःच सांगितला तर तो पाळला जातो.

दुसरा प्रश्न कंपनीचा. कर्मचारी घरून काम करतो तेव्हा कंपनीची जागा, वीज आणि एसी वाचतो. तो खर्च घाटंजीतल्या कुटुंबाच्या बिलात येतो. नेटचे बिल आणि एकदाचा यूपीएस-खुर्चीचा खर्च मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. ऑफर लेटरवर सही करण्याआधीच ते विचारावे आणि लेखी घ्यावे. तोवर उन्हाळा तोंडावर असेल, तर नव्या टेबलाची ऑर्डर थांबवून आधी चुन्याचे पोते आणावे.