ताटकळण्यानं निष्ठा पिकत नाही

पनवेलजवळच्या रोडपालीच्या सोसायट्यांतून पोरं अमेरिकेला गेली आणि मागे उरलेल्या कट्ट्यांवर नागरिकत्वाचे तज्ज्ञ तयार झाले. त्यांतल्या एका विद्वानांचा सिद्धान्त असा: परक्या देशाचं नागरिकत्व झटपट मिळताच कामा नये, माणूस जितका ताटकळेल तितकी त्याची निष्ठा पक्की. घाई करणाऱ्याच्या मनात खोट. शिवाय रांग सगळ्यांना सारखीच, मग रडगाणं कशाला? आणि मुळात देश सोडलाच कशाला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: ज्यांच्या फ्लॅटचे हप्ते डॉलरांत फिटले, त्यांनी तो विचारू नये.

आता निष्ठेकडे वळू. मुदत हे निष्ठेचं माप असेल, तर ते सारखं बदलतं कसं? अमेरिकेला १७९० मध्ये दोन वर्षांचं वास्तव्य पुरत होतं. १७९५ मध्ये पाच लागली, १७९८ मध्ये चौदा, १८०२ मध्ये पुन्हा पाच. एवढ्या अवधीत माणसाचं काळीज बदललं नव्हतं, सत्तेचं राजकारण बदललं होतं. आपलंही तेच. १९५५ च्या कायद्यात एकूण पाच वर्षं पुरत. १९८६ मध्ये दहा झाली, २००३ च्या दुरुस्तीनं बारा. २०१९ मध्ये तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी त्यांतल्या अकरा वर्षांची पाच झाली. कारणं काहीही असोत, निष्ठा मोजण्याची नवी तागडी कुणाला सापडली नव्हती.

आणि मुदत भरून निष्ठा सिद्ध झाली, तरी पुढे काय? सखाराम गणेश पंडित १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. त्या भरवशावर लॉस एंजेलिसमध्ये वकिली केली, घर केलं, संसार थाटला. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं ‘गोरा’ नाही असं ठरवलं आणि सरकार पंडितांचं नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. नऊ वर्षांत त्यांची निष्ठा आटली होती काय? पंडित लढले आणि जिंकले. इतर अनेकांचं नागरिकत्व मात्र गेलं. हिंदी लोकांना ते दार कायद्यानं उघडलं १९४६ मध्ये. मधली वर्षं थांबलेल्यांची निष्ठा, विद्वानांच्या हिशेबानं, केवढी मुरली असेल!

पूर्वी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. तेव्हाही त्या थांबण्यातले संस्कार सांगणारे होतेच. फोन मात्र त्यांच्या घरी आधीच आलेला असे.

राहिली ‘सारखी’ रांग. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या अमेरिकेच्या ग्रीनकार्डांत, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यांत, एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के, आणि देश ठरतो जन्मस्थानावरून. म्हणून ढीगभर अर्जांच्या देशातला पनवेलचा पोरगा तिष्ठतो आणि मूठभर अर्जांच्या आइसलँडचा पुढे सरकतो. नागरिकत्वाची पाच वर्षं मोजायची ती ग्रीनकार्डानंतर. आधी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर भरलेल्या कराची वर्षं त्यात शून्य.

मग हवं काय? मुदत जरूर असावी. पण ती कायदेशीर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मोजावी, जन्मगाव पाहून लांबवू नये. अर्जावर निकालाची तारीख सरकारवर बंधनकारक असावी. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्जदाराला न्यायालयात जाता येतं, अशी सोय अमेरिकेच्या कायद्यात आहे. तिचा विस्तार सगळ्या टप्प्यांना करावा. परीक्षा घ्यायची तर भाषेची, कायद्याच्या माहितीची आणि वर्तणुकीची घ्या. सहनशक्तीची कशाला?