जुना रणगाडा, नवा सौदा आणि नगरची माती

संरक्षणखर्चाचा विषय निघाला की समाजवादी विचाराच्या माणसाने मान खाली घालून गप्प बसावे, असा एक अलिखित दंडक आपल्या सार्वजनिक जीवनात रूढ होऊन बसला आहे. उसाच्या दरावर, रोजगार हमीच्या मजुरीवर वा रेशनच्या धान्यावर पै-पैचा हिशेब मागणारे वक्तेसुद्धा रणगाड्याचे वा लढाऊ विमानाचे नाव निघताच वही मिटवतात. हिशेब मागणे म्हणजे जवानाच्या जिवाशी खेळणे, अशी समजूत सत्ताधाऱ्यांनी मोठ्या कौशल्याने करून दिली आहे. मग उरतो तो तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांचा वाद. जुनी शस्त्रे सुधारून वापरावीत, असे एक बाजू म्हणते आणि जुने भंगारात काढून अद्ययावत तेच घ्यावे, असे दुसरी. दोन्ही बाजूंचे पंडित वेगाची, पल्ल्याची आणि अश्वशक्तीची कोष्टके मांडतात. यंत्र घडवण्याची विद्या कोणाच्या हाती राहणार आणि त्याची किंमत कोण मोजणार, हे प्रश्न त्या कोष्टकांत कोठेच नसतात.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील कार्यकर्त्याला तरी हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र 1948 पासून नगरला आहे. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र येथेच आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी सरकारी संस्थाही येथेच आहे. 1994 साली उघडलेले रणगाडा संग्रहालय शाळेच्या सहलीत पाहिलेला नाही, असा नगरचा विद्यार्थी विरळा. तेथे 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला अमेरिकन पॅटन उभा आहे. त्या पॅटनची हकिकत या वादाच्या संदर्भात मुद्दाम आठवावी अशी आहे. पॅटन हा त्या काळचा अद्ययावत रणगाडा. पंजाबातील खेमकरणजवळ, असल उत्तरच्या रणांगणात, त्याच्यासमोर भारताचे जे रणगाडे उभे ठाकले त्यांत दुसऱ्या महायुद्धातील शर्मन होते आणि ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन होते. जीपवर बसवलेल्या तोफांनीही पॅटन फोडले. अब्दुल हमीद यांचे परमवीरचक्र त्याच रणांगणावरचे. कालव्याचे पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत हे नवेकोरे पॅटन रुतून बसले. (ओल्या फडात जड वाहन घातले तर काय होते, हे श्रीरामपूर-कोपरगावच्या कोणत्याही ऊसवाहतूकदाराने पेंटागॉनला फुकट सांगितले असते.)

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. भारतीय लष्करातील रणगाड्यांत आजही सर्वांत मोठा भरणा आहे तो टी-72 चा. सोव्हिएत परवान्याखाली तामिळनाडूतील आवडी येथील सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन 1980 च्या दशकात सुरू झाले आणि त्याला ‘अजेय’ असे नाव देण्यात आले. त्याचे इंजिन 780 अश्वशक्तीचे. हा रणगाडा आता थकला आहे, यात वाद नाही. त्यावर दोन मार्ग पुढे आले आहेत. पहिला, त्याचे इंजिन, दुर्बिणी व कवच बदलून आयुष्य वाढवणे. दुसरा, त्याच्या जागी भावी पिढीचा अगदी नवा रणगाडा आणणे. सप्टेंबर 2024 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने एकूण 1 लाख 45 हजार कोटी रुपयांच्या ज्या प्रस्तावांना तत्त्वतः मान्यता दिली, त्यांत हा भावी रणगाडा होता. असे 1,770 रणगाडे घेण्याचा मानस असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आहे.

‘नवे तेच घ्या’ म्हणणाऱ्यांना एक इतिहास विचारला पाहिजे. 2001 साली रशियाकडून 310 टी-90 रणगाडे घेण्याचा करार झाला, 2007 मध्ये आणखी 347 चा. नव्या शतकाचा नवा रणगाडा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वस्तुतः टी-90 म्हणजे टी-72 चीच सुधारित आवृत्ती. त्याच्या जन्मदात्यांनी आरंभी त्याला नावसुद्धा टी-72 च्या मालिकेतलेच दिले होते. म्हणजे सोव्हिएत अभियंत्यांनी जुन्या यंत्राची जी सुधारणा स्वतःच्या कारखान्यात केली, तीच आपण नवी वस्तू म्हणून नव्या भावाने विकत घेतली. एवढे होऊनही तोफेच्या नळीचे व कवचाचे तंत्रज्ञान हाती पडण्यासाठी झगडावे लागले, आणि परदेशी उष्णतादर्शक दुर्बिणी राजस्थानच्या उन्हात दगा देऊ लागल्या.

मात्र सुधारणावाद्यांनी लगेच हुरळून जाऊ नये. 2018 साली आवडीच्या इंजिन कारखान्याने दोन इंजिने लष्कराच्या हवाली केली, एक टी-72 चे आणि दुसरे टी-90 चे 1,000 अश्वशक्तीचे. दोन्ही पूर्णपणे स्वदेशी झाल्याची ग्वाही तेव्हा देण्यात आली. त्यानंतर सात वर्षांनी, 7 मार्च 2025 रोजी, टी-72 साठी 1,000 अश्वशक्तीची इंजिने घेण्याकरिता याच सरकारने रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्ट या संस्थेशी 24 कोटी 80 लाख डॉलरचा, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचा करार केला. काही इंजिने तयार, काही सुट्या भागांत, आणि सोबत आवडीला तंत्रज्ञानाचे हस्तांतर! दोन इंजिनांत तांत्रिक भेद असतीलच. परंतु हजार अश्वशक्तीचे इंजिन स्वतःच्या हाताने करणाऱ्या कारखान्याला ते पुन्हा शिकवण्याचे शुल्क कशासाठी, याचा समाधानकारक खुलासा जनतेपुढे आलेला नाही. या घराण्यातील इंजिनांचा मूळ पुरुष 1930 च्या दशकात खारकोव्हच्या रेल्वे-इंजिन कारखान्यात जन्मला. रशियाने नव्वद वर्षे एकच वंश जपला आणि वाढवला. आपण प्रत्येक पिढीला नवे दत्तकविधान करतो.

विमानांची कथा निराळी नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला 1964 मध्ये मिग कारखाना उभा राहिला. तेथील कामगारांच्या दोन पिढ्या मिग-21 वर घडल्या. ते विमान सुधारून ‘बायसन’ झाले आणि 26 सप्टेंबर 2025 ला निवृत्त झाले. एवढे आयुष्य त्यातून काढले गेले याचे अर्धे श्रेय कामगारांच्या हातांना आहे; आणि त्या विमानावर अखेरपर्यंत वैमानिकांचे जीव गेले याचे पाप वेळेवर पर्याय न उभारणाऱ्या दिल्लीच्या माथी आहे. रडारला चकवणारे विमान रशियाबरोबर मिळून बनवण्याच्या योजनेत भारताने सुमारे 29 कोटी 50 लाख डॉलर ओतले आणि 2018 मध्ये अंग काढून घेतले. विमान मिळाले नाहीच. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांचे एफ-35 पुढे केले, तेव्हा आपल्याकडील वृत्तवाहिन्यांना झालेला हर्ष पाहण्याजोगा होता. ज्या विमानाचे सुटे भाग, दुरुस्ती आणि आज्ञावली सारे विकणाऱ्याच्या मुठीत राहते, ते रडारला न दिसणारे असेल. पण खरेदीदाराचे परावलंबन मात्र सगळ्या जगाला दिसते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. टी-72 मध्ये तोफगोळे बुरुजाच्या खालीच रचलेले असतात. तेथे मार बसला की गोळे पेटतात, बुरुज उडतो आणि आतला एकही जवान वाचत नाही. युक्रेनच्या युद्धात हे दृश्य जगाने पुनःपुन्हा पाहिले. इंजिन बदलून हा दोष जात नाही. जवानाचे प्राण हा मुद्दा ज्याला हलवत नाही, त्याने समाजवादाची भाषा बोलू नये. तथापि तोच गोळ्यांचा रचाव टी-90 मध्येही आहे, आणि ‘नवे’ म्हणून तो शेकड्यांनी घेताना या प्राणांची आठवण कोणाला झाली नाही. त्याच युद्धात किरकोळ किमतीच्या ड्रोननी नव्या-जुन्या सर्वच बनावटीचे रणगाडे जाळले. तेव्हा 1,770 महागड्या यंत्रांत पुढील दोन-तीन दशकांचा पैसा अडकवण्याआधी थांबून विचार करण्यात देशद्रोह कोणता?

स्वदेशी ‘अर्जुन’ची कहाणी तर अधिक बोधक आहे. 1974 पासून सुरू असलेला हा प्रकल्प. 2021 मध्ये 118 सुधारित अर्जुनांची 7,523 कोटींची मागणी आवडीला देण्यात आली आणि जर्मन इंजिनांच्या पुरवठ्यापाशी ती अडली. 1,500 अश्वशक्तीच्या भारतीय इंजिनाची पहिली चाचणी म्हैसूरला झाली ती मार्च 2024 मध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या आरंभानंतर पन्नास वर्षांनी. या पन्नास वर्षांत परदेशी खरेदीसाठी परकीय चलन वेळोवेळी सापडले. घरच्या इंजिनाला मात्र सातत्याने पैसा आणि माणसे मिळाली नाहीत.

आणि ज्या कारखान्यांतून हे सारे व्हायचे, त्यांचे काय केले? 2021 च्या जूनमध्ये अध्यादेश काढून संरक्षण उत्पादनातील कामगारांचा संपाचा हक्क काढून घेतला, ऑगस्टमध्ये त्याचा कायदा केला, आणि 1 ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. आवडी त्यांपैकीच एका कंपनीत गेली. कंपनीला वर्षाचा ताळेबंद दाखवायचा असतो. दहा वर्षे नुकसान सोसून इंजिन शिकण्याची उसंत तिला कोण देणार? तयार भाग आणून जोडणे हाच मग तिच्यापुरता शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

किंमत मोजणाऱ्यांत नगरचा शेतकरीही आहे. नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांत पसरलेल्या खारे-कर्जुने युद्धसराव क्षेत्राच्या विस्ताराची टांगती तलवार 23 गावांवर वर्षानुवर्षे लटकते आहे. 1980 ची अधिसूचना, मग मुदतवाढी, आणि 2020 मध्ये पुन्हा उठलेली भूसंपादनाची चर्चा. राहुरीच्या या पट्ट्याने मुळा धरणाला जमीन दिली, कृषी विद्यापीठाला दिली, लष्कराला दिली. त्या वर्षी आंदोलन झाले, पुढाऱ्यांनी दिल्लीला जाऊन संरक्षणमंत्र्यांची भेट घेतली आणि गावे तूर्त निश्चिंत झाली. शस्त्राचा पल्ला वाढला की सरावाला जागा अधिक लागते, हा साधा हिशेब आहे. टी-90 च्या तोफेतून सुटणारे क्षेपणास्त्र पाच किलोमीटर जाते. भावी रणगाड्याच्या प्रस्तावात त्याच्या सरावाच्या जमिनीची किंमत धरली आहे काय, हा प्रश्न जिल्ह्याच्या खासदारांनी लोकसभेत लेखी विचारावा. वावरथ, जांभळी आणि वनकुट्याच्या ग्रामसभांनी तसा ठराव करून तो त्यांच्या हाती द्यावा, आणि आवडीच्या 2018 च्या इंजिनाचे पुढे काय झाले, हा दुसरा प्रश्नही त्याच कागदावर लिहावा.